गाडी भरत नाही : दोन एकर केळीच्या एका हंगामाचं प्रकरण

जून २०२३ चा पहिला आठवडा. दुपारचे अडीच वाजलेले, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल रस्त्याच्या आत दोन किलोमीटरवर, अडावदच्या अलीकडच्या एका बांधावर गाडी उभी होती आणि ती अर्धीच भरली होती. कापणीच्या टोळीतली आठ माणसं लिंबाखाली बसून भाकरी खात होती. व्यापाऱ्याचा माणूस कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होता. जवळपास कुणाच्या बागेत शे-दोनशे घड कापायला आलेत का, एवढाच त्याचा प्रश्न. दोन जणांनी नाही म्हटलं. तिसरा म्हणाला, उद्या बघू.

ज्यांची बाग होती ते माझे मामा. मामा बागेकडे तोंड करून उभे होते. बागेत झाडं होती, झाडांवर घडही होते, पण त्यातले बरेच अजून हिरवट-काळे आणि धारदार. केळ कापणीला आलं की त्याच्या कडा गोल होतात, बोट फिरवलं की कळतं. हे घड हाताला टोचत होते. काही झाडांनी तर अजून कमळही, म्हणजे केळफूलही, टाकलेलं नव्हतं. एकाच मालकाच्या, एकाच तुकड्यातल्या बागेत तीन वयाची झाडं उभी होती, आणि त्या दिवशी कापण्यासारखे घड निघाले फक्त ३८०. साधारण आठ टन. गाडीला लागतात चौदा-पंधरा टन.

शेवटी गाडी संध्याकाळी सहा वाजता हलली. उरलेला माल सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या बागेतून भरायचा ठरला, आणि तिथपर्यंतच्या फेऱ्याचे, टोळीच्या वाया गेलेल्या अर्ध्या दिवसाचे असे मिळून क्विंटलमागे अडीचशे रुपये मामांच्या भावातून कापले गेले. मामांनी हुज्जत घातली नाही. कापलेला घड पुन्हा झाडाला लावता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी शेतीची पदवी घेतलेला भाचा. घरात माझ्या सल्ल्याला सणावारापुरता मान आहे. पण त्या हंगामाची वही मी ठेवली होती, पहिल्या रोपापासून शेवटच्या घडापर्यंत. केळी उत्पादकाचं दुखणं विचारलं की लोक दोनच शब्द सांगतात, भाव आणि रोग. दोन्ही खरे. पण मामांची वही वाचली तर पैसा तिसऱ्याच ठिकाणी गळालेला दिसतो. हे लिहिण्याचं कारण तेच.

आधी शेताबद्दल. जमीन ८० आर, म्हणजे दोन एकर, काळी, सातपुड्याच्या पायथ्याकडून उतरत येणारी. एक बोअर, ठिबक, त्यावर मामांचा सगळा संसार. जून संपता संपता पाऊस पडला आणि २०२२ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात मृगबागेची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावायच्या केळीची, लागवड झाली. सहा बाय पाच फुटांवर ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, आमच्याकडे जिला सगळे जी-नाईनच म्हणतात. २,९०० रोपं, सोळा रुपयाला एक. रोपांचेच ४६,४०० झाले. त्यातले निम्मे सोसायटीच्या पीककर्जातून, बाकी उसनवार. खतं-औषधं कृषी केंद्रातून उधारीवर, माल निघाला की द्यायचे.

जी-नाईन आलं आणि खान्देशातल्या केळीचा चेहराच बदलला, हे सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी कंद लावायचे, बाग यायला अठरा-अठरा महिने लागायचे. आता अकरा-बारा महिन्यांत घड हातात. पण या रोपाचा मोठा गुण लवकर येणं नाही, असं माझं मत आहे. सगळी रोपं एकाच आईची लेकरं, एकाच उंचीची, एकाच वेळी निसवणारी, म्हणजे घड बाहेर टाकणारी. बाग एकसारखी येते. दहा एकरवाल्याला त्याने सोय झाली. दोन एकरवाल्याला तर त्यामुळेच पहिल्यांदा बाजाराच्या तोंडाशी उभं राहता आलं, कारण तीन-चार कापण्यांत बाग रिकामी होते आणि प्रत्येक कापणीला एक गाडी भरते. ही एकसारखेपणाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती आहे.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा बाग गुडघ्याच्या वर आलेली होती. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता, सारखी रिपरिप. चौथ्या ओळीत एक झाड बघून थांबलो. वरच्या दोन पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे, पानाच्या कडा झालरीसारख्या मुरडलेल्या, आणि नवीन पोंगा, म्हणजे न उलगडलेलं पान, टोकाशी कुजून तपकिरी. उजेडाकडे धरलं तर पानात काचेचे तुकडे बसवल्यासारखं दिसत होतं. पुढे आणखी एक. मग दोन ओळी सोडून तीन एकदम. संध्याकाळपर्यंत मी सुतळी बांधत मोजली, ११२ झाडं.

कुकुंबर मोझॅक. लोक सीएमव्ही म्हणतात, कुणी हरण्या म्हणतं. त्याच पावसाळ्यात रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात तो इतका पसरला की गावोगाव पंचनामे करावे लागले. हा विषाणू आहे, त्यावर औषध नाही. झाडात शिरला की झाड त्याचंच. लहान वयात शिरला तर घड येतच नाही, आला तर वाकडा, बोटाएवढ्या केळांचा. पसरवतो मावा, ही झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. मावा रोगट झाडावर बसून सोंड खुपसतो, काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो, पुढच्या झाडावर बसला की तितक्याच वेळात तिथे उतरतो. फवारणीने तो मरतो, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. म्हणजे फवारणीने माव्याची संख्या आटोक्यात येते, रोगाचा उगम तसाच राहतो. उगम म्हणजे रोगट झाड. ते उपटायचं, शेताबाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं. दुसरा उपाय नाही.

मी मामांना हेच सांगितलं. ११२ झाडं, म्हणजे रोपांचे १,८०० रुपये; उद्या सकाळी उपटून टाकू.

मामा म्हणाले, "जित्तं झाड शे रे भाऊ, कसं उपटू?"

माझ्या हातात सगळं गणित होतं, तरी या वाक्यावर मला उत्तर देता आलं नाही. झाड हिरवं होतं. दोन पानं पिवळी पडलेली, बाकी उभं, ताठ. पन्नास दिवस पाणी दिलेलं. शिवाय कृषी केंद्रवाल्याने सांगितलं होतं, दोन फवारण्या मारा, सोबत हे टॉनिक टाका, पान सुधारेल. उधारी ज्याच्याकडे चालू आहे त्याचा सल्ला मोडायला वेगळी ताकद लागते. मामांनी अगदीच गेलेली चाळीस झाडं उपटली, आणि ती बांधावरच टाकली. उरलेल्यांवर फवारणी केली.

दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ३९० झाली होती.

मग मात्र मामांनी मागेपुढे पाहिलं नाही. तीन दिवस मजूर लावून ती सगळी मुळासकट काढली, कोपऱ्यात खड्डा करून गाडली. पण वेळ गेली होती. सप्टेंबरअखेर आणखी ३८० निघाली. सगळी मिळून ८१०. शंभरातली अठ्ठावीस.

रोग आला कुठून, याचा शोध गावात चवीने होतो. बांधापलीकडच्या शेतात मिरची होती, तिच्यावर मावा होता. मामींनी ठिबकच्या मुख्य नळीच्या कडेने घरापुरते गिलके, दोडके, चवळी लावली होती, आणि या विषाणूला वेलवर्गीय भाज्या फार आवडतात. बांधावर केना माजला होता, तोही त्याचं घर. मामींच्या वेलांवर खापर फोडणं सोपं, आणि घरात ते फोडलंही गेलं. पण पहिली बाधित झाडं मिरचीच्या बाजूला नव्हती, वेलांजवळही नव्हती. ती शेतभर विखुरलेली होती, ठिपक्यांसारखी. माव्याने बाहेरून आणलेला रोग बहुधा एका कडेने आत येतो. विखुरलेला दिसला की रोपांबद्दल शंका घ्यावी लागते.

रोपं कुठली? प्रयोगशाळेतून निघालेलं रोप थेट शेतात येत नाही. मध्ये ते शेडनेटमध्ये दोन टप्प्यांत कणखर केलं जातं. मोठे शेतकरी कंपनीकडे आगाऊ नोंदणी करून थेट माल घेतात. दोन एकरवाला एजंटकडून घेतो, आणि एजंटची रोपं कुठल्या शेडनेटमध्ये, कुठल्या भाज्यांच्या शेजारी महिना-दीड महिना काढून आली हे कुणी विचारत नाही. ऊतिसंवर्धित रोपं विषाणूमुक्त असल्याची तपासणी आणि प्रमाणपत्र देण्याची केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची व्यवस्था २००६ पासून आहे. मामांकडे प्रमाणपत्र सोडा, बिलही नव्हतं. एका वहीच्या पानावर रोपांची संख्या आणि रक्कम, खाली सही. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "तुमच्याच गावात चार जणांना दिली, त्यांना कुठे काय झालं?" त्यातल्या दोघांना झालं होतं, पण कागद त्यांच्याकडेही नव्हता. मी म्हणत नाही की रोग रोपांतूनच आला. सिद्ध करायचं साधनच मामांच्या हातात नव्हतं, आणि ते नसण्याचं कारण सोळा रुपयांचं रोप घेताना बिल मागायची पद्धत नाही, एवढंच.

आता त्या निर्णयाकडे येतो ज्याने हंगाम खऱ्या अर्थाने मोडला.

सप्टेंबरात बागेत जागोजागी खिंडारं दिसू लागली. मामांनी नांग्या भरायचं, म्हणजे रिकाम्या जागी नवीन रोपं लावायचं ठरवलं. मीही हो म्हटलं, हे कबूल करतो. ६२० रोपं आणली, पुन्हा सोळा रुपयांनी, ९,९२० रुपये. नांग्या भरणं यात चूक काय? लागवडीनंतर पंधरा-वीस दिवसांत भरल्या तर काहीच नाही. पण इथे मधे दोन-अडीच महिने गेले होते. आजूबाजूची झाडं कमरेच्या वर आलेली, त्यांची पानं एकमेकांना भिडायला लागलेली. नवीन रोप त्यांच्या सावलीत लागलं. ठिबकातून खत मोठ्या झाडांच्या वयाप्रमाणे जाणार. लहान रोपाला ते कधी जास्त, कधी अवेळी. त्यात पुढे डिसेंबर-जानेवारीची थंडी. खान्देशातल्या थंडीत केळीची वाढ जवळजवळ थांबते, मोठं झाड ती सोसतं, तीन महिन्यांचं रोप बसकण मारतं. ६२० पैकी ४३० झाडांनी घड दिला, तोही सरासरी चौदा किलोचा, आणि तो आला २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुख्य बाग संपून गेल्यावर.

आमच्या शेजारच्या एका बागायतदारांची गोष्ट याला लागून सांगावी लागेल. त्यांच्या चार एकरांच्या एका तुकड्यात असाच रोग आला, जवळपास तितकाच. त्यांनी सप्टेंबरच्या मध्यावर ट्रॅक्टर घातला, अख्खा तुकडा मोडला, ऑक्टोबरात कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, लावली. गावात हसले लोक. उभी बाग मोडणारा माणूस वेडाच वाटतो. पण त्यांची कांदेबाग एकसारखी आली. मामांनी हे का केलं नाही? कारण त्या बागायतदारांचे अजून तीन तुकडे होते, त्यातला एक त्याच महिन्यात कापणीला आला होता. मामांकडे एकच तुकडा. तो मोडायचा तर लागवडीचे, मशागतीचे, दोन महिन्यांच्या खताचे मिळून लाखाच्या घरात गेलेले पैसे एका सकाळी मातीत घालायचे, पुन्हा तेवढेच उभे करायचे, आणि पीककर्जाची फेड तशीच डोक्यावर. पुस्तकात योग्य ठरलेला निर्णय दुसरा तुकडा असलेल्यालाच परवडतो.

मग विमा. हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, केळीला विमा असतो ना? असतो. मामांनी काढलाही होता. पण ती हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. थंडीत पारा सलग काही दिवस ठरलेल्या मर्यादेखाली गेला, उन्हाळ्यात ठरलेल्या मर्यादेवर चढला, तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून भरपाई ठरते. वेगाचा वारा आणि गारपीट यांना शेतावरचा पंचनामा होतो, त्यासाठी ७२ तासांत कळवावं लागतं. विषाणूचा त्या कागदात कुठेच उल्लेख नाही. ८१० झाडं गेली, विम्याच्या दृष्टीने काहीच घडलं नाही.

मेच्या शेवटी एका रात्री वारा सुटला. आमच्याकडे रोहिणीत असा वारा येतोच. घड भरलेलं झाड वर जड, मुळं उथळ, ते कमरेतून मोडतं नाहीतर मुळासकट आडवं होतं. मामांची १५० झाडं पडली. मी रात्रीच फोनवरून नोंद केली, पाहणी झाली, आणि काही महिन्यांनी थोडी रक्कम खात्यात आली. योजनेला शिव्या घालायची पद्धत आहे, पण या भागात तिने काम केलं हे सांगायला हवं. गंमत एवढीच की पडलेल्या १५० झाडांची दखल घेतली गेली आणि उपटलेल्या ८१० झाडांची नाही. पडलेली झाडं दिसतात. उपटलेल्या जागी तर नवीन रोप हिरवंगार उभं होतं. शासनाच्या पंचनाम्याला माणूस आला तेव्हा नांग्या भरून झाल्या होत्या. त्याने पाहिलं, बाग भरलेली होती, आणि त्याने जेवढं दिसलं तेवढं लिहिलं.

आता कापणी. आमच्या भागात केळी बहुधा शिवारातच विकली जाते. सौदा आधी होतो, भाव लागतो कापणीच्या दिवसाचा, आणि तो ठरतो बऱ्हाणपूर आणि रावेरच्या भावाकडे बघून. रोज सकाळी मोबाइलवर भाव येतात. नवती म्हणजे पहिल्या वर्षाची बाग, पिलबाग म्हणजे त्याच झाडाच्या पिलावर, बुडाला फुटलेल्या कोंबावर घेतलेली, आणि शेवटी वापसी, म्हणजे ज्याला कुणी नको म्हटलं तो माल. टोळी व्यापाऱ्याची, गाडी व्यापाऱ्याची. शेतकऱ्याने बाग दाखवायची. गाडी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागली की तिचं तोंड उत्तरेकडे, दिल्ली, पंजाब, उत्तर प्रदेश. पंधरा टनांची गाडी आठ टन घेऊन दिल्लीला जाऊ शकत नाही, भाडं तेवढंच लागतं. म्हणून व्यापारी खरेदी करतो ती गाडी. केळी त्या गाडीत असते. मला हे कळायला एक अख्खा हंगाम लागला.

चांगल्या वर्षी मामांच्या दोन एकरांतून साधारण २,७५० घड, सरासरी एकवीस किलो धरले तर ५८ टन माल निघतो. चार गाड्या. ज्या दिवशी पहिली गाडी भरते त्या दिवशी सहाशे-सातशे घड एकदम तयार असतात. त्या वर्षी वहीतली नोंद अशी आहे.

पहिली कापणी ३८० घड, आठ टन, अर्धी गाडी, क्विंटलला अडीचशे कमी. ही वर सांगितली. दुसरी ७०० घड, साडेचौदा टन, पूर्ण गाडी, पूर्ण भाव. त्या दिवशी मामांनी टोळीला चहाबरोबर भजी दिली. तिसरी कापणी ५२० घड, दहा टन. पुन्हा गाडी अपुरी, पुन्हा दोनशे कमी. आणि ही कापणी खरं तर सहा दिवस आधी व्हायला हवी होती. पण एवढ्याशा मालाला कुणी गाडी लावेना. जूनच्या उकाड्यात सहा दिवस म्हणजे पुष्कळ. काही घडांतली वरची फणी झाडावरच पिवळी पडली, ती टोळीने कापून बांधावर फेकली, गुरांनी खाल्ली. चौथी कापणी २८० घड, पाच टन, सगळी वापसीत, भाव बोर्डाच्या, म्हणजे त्या दिवशीच्या जाहीर भावाच्या, निम्म्याच्या आसपास. मग पावसाळाभर नांग्यांची झाडं सांभाळली, आणि त्यांचे ४३० घड पिकअपमध्ये घालून थोडे थोडे चोपड्याच्या पिकवणी केंद्रांना दिले. सहा टन, निम्मा भाव.

एकूण साडेत्रेचाळीस टन. म्हणजे रोगाने आणि वाऱ्याने एक गाडी खाल्ली, साडेचौदा टनांची.

रोजचा भाव वर-खाली होत राहतो, तेव्हा हिशोबासाठी सरळ १,२०० रुपये क्विंटल धरू. कमी आलेल्या मालाचे झाले १,७४,००० रुपये. हा आकडा सगळ्यांना दिसतो, सगळे तोच सांगतात. आता दुसरा आकडा. पहिल्या कापणीतली कपात २०,०००. तिसऱ्या कापणीतली २०,०००. चौथ्या कापणीचा निम्मा भाव, म्हणजे ३०,००० गेले. नांग्यांच्या मालाचा निम्मा भाव, ३६,०००. बेरीज १,०६,००० रुपये. हा पैसा रोगाने नेला नाही. हा माल निघाला, तोलला गेला, विकला गेला. फक्त एका वेळी निघाला नाही. रोगाने आणि वाऱ्याने जेवढं नेलं त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास नुसत्या पुढेमागे होण्याने गेलं, आणि कुठल्याही पंचनाम्यात, विम्यात, अनुदानात याला रकाना नाही.

नांग्यांचा हिशोब वेगळा करून बघितला तेव्हा तर मी वही मिटूनच टाकली. ६२० रोपं, रोपाचे सोळा आणि त्यावर खत, पाणी, मजुरी, आधाराचे बांबू-दोरी धरून साठेक रुपये, म्हणजे ४७,००० च्या आसपास खर्च. हाती आले ३६,०००. खिंडारं तशीच ठेवली असती तर अकरा हजार वाचले असते, आणि बाग जुलैत रिकामी होऊन रान पुढच्या पिकाला मोकळं झालं असतं. मी पदवीधर, मी हो म्हटलं होतं. रिकामी जागा बघवत नाही, एवढंच खरं कारण होतं, मामांचं आणि माझंही.

आणखी एक नुकसान वहीत लिहिता आलं नाही. लहान शेतकऱ्याची कमाई बऱ्याचदा पिलबागेत असते. पहिल्या वर्षी रोपं, ठिबक, मशागत यांत पैसा जातो. दुसऱ्या वर्षी झाडाच्या बुडाचं एक जोमदार पील ठेवायचं, लागवडीचा खर्च शून्य. पण हा विषाणू आईकडून पिलात उतरतो. वरून निरोगी दिसणारी किती झाडं आतून बाधित होती, सांगता येत नव्हतं. पिलबाग सोडून द्यावी लागली. मामांनी त्या रानात ज्वारी आणि मग हरभरा घेतला.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची बावीस टन केळी दुबईला गेली, त्याची बातमी देशभर झाली. तांदलवाडीचं काम खरंच बघण्यासारखं आहे. घडाला पिशवी, केळफुलाची वेळेवर काढणी, फण्यांची संख्या मर्यादित, तेरा किलोच्या खोक्यात डाग नसलेलं केळ. मामांना मी एकदा तिथे घेऊन गेलो. सगळं पाहून झाल्यावर परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, बावीस टन म्हणजे दीड गाडी, ती एका दिवसात निघाली पाहिजे ना. मला तेव्हा वाटलं, हे पिशवी आणि खोकं सोडून भलतंच बघून आले. नंतर वाटलं, नेमकं तेच बघून आले.

२०२४ च्या जूनमध्ये मामा पुन्हा केळीकडे वळले. या वेळी एकटे नाही. बांधाला बांध लागलेले आणखी तिघे, एकाचे दीड एकर, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे दोन. मामांचे धरून साडेसात एकर. कंपनी वगैरे काही काढली नाही, नोंदणीच्या फंदात पडले नाहीत. ठरवल्या फक्त तीन गोष्टी. रोपं चौघांनी एकाच ठिकाणाहून, एकाच खेपेची, छापील बिलावर घ्यायची. लागवड एकाच आठवड्यात. आणि दर शनिवारी चौघांनी मिळून चारही शेतं फिरायची, पट्टा दिसलेलं झाड ज्याच्या शेतात असेल त्याने हात लावायचा नाही, दुसऱ्याने उपटायचं. ही शेवटची अट मामांची. आपल्या हाताने आपलं झाड उपटत नाही, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. मामींनी वेल घराच्या मागे नेले.

त्या पावसाळ्यात चारही शेतांत मिळून नव्वदेक झाडं उपटली गेली. दोन रोपं उपटल्यावरून दोघे आठ दिवस बोलत नव्हते. पंधरा दिवसांनंतरच्या नांग्या कुणीच भरल्या नाहीत. जागा रिकाम्या राहिल्या, आणि बागेत उभं राहिलं की त्या अजून डोळ्यांत खुपतात.

कापणीची वेळ आली तेव्हा नवा प्रश्न निघाला, पहिली गाडी कुणाची. भाव चढता असेल तर शेवटची चांगली, उतरता असेल तर पहिली; आणि कुठला आहे ते कापल्यावर कळतं. मामींच्या नातीला बसवून चिठ्ठ्या काढल्या. मामांचा नंबर तिसरा आला. त्यांच्या पाळीला ४१० घड निघाले, उरलेले शेजारच्या नानांच्या बागेतून कापले आणि दुपारी एकच्या आत गाडी भरून रस्त्याला लागली. भाव पूर्ण.

वजनाची पावती मात्र एकच आली, दोघांचा माल मिळून. नानांचं म्हणणं, माझा घड मोठा होता, घडांच्या संख्येवर पैसे वाटू नका. मामांचं म्हणणं, आधी ठरलं होतं संख्येवर. त्या दिवशी रात्री ओट्यावर बसून दहा-दहा घड घरच्या काट्यावर तोलून बघितले. नानांचा सरासरी दीड किलोने जास्त भरला. मामांनी फरक मान्य केला, पण पुढच्या वेळी दोन काटे करा म्हणाले. व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, एका गाडीला दोन काटे कुणी करत नाही. यावर अजून बोलणं चालू आहे.